अक्षर माझंच होतं

आईच्या ऑपरेशनच्या रात्री दादा मला एकटीला टाकून घरी झोपायला गेला, ही गोष्ट मी २४ वर्षं सांगत आले. नवऱ्याला सांगितली, मैत्रिणींना सांगितली, मुलगी कळती झाल्यावर तिलाही सांगितली. दादाच्या तोंडावर मात्र एकदाही बोलले नाही. बोलायचं काय त्यात? त्याला ठाऊकच आहे की, असं मी धरून चालले होते.

ती रात्र मला लख्ख आठवते. आईचं अपेंडिक्स फुटलेलं, रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. वडील आधीच गेलेले. मी २० वर्षांची, दादा २४ चा. थिएटरबाहेर एक लाकडी बाक होतं, त्याच्या पाठीची एक पट्टी निघालेली, त्यामुळे टेकून बसलं की मधेच पोकळी लागायची. भिंत खालून हिरवी, वरून पांढरी. बारा वाजून गेल्यावर दादा उठतो, "सकाळी लवकर उठायचंय" म्हणतो, खिशातून सुटे पैसे काढून माझ्या तळहातावर ठेवतो आणि जिन्याकडे निघतो. पैसे कशाला, तर रात्री कुणाला फोन करावा लागला तर असावेत म्हणून. चपलांचा फटक-फटक आवाज दोन मजले खाली जाईपर्यंत ऐकू येत राहतो. मग पहाटे दार उघडतं, डॉक्टर मास्क गळ्यात उतरवून बाहेर येतात आणि बाकावर एकट्या बसलेल्या मला सांगतात, "धोका टळलाय."

आई त्यानंतर ११ वर्षं जगली. म्हणजे त्या रात्रीने कुणाचं काही वाईट झालं नाही. फक्त दादाबद्दलचं माझं मत कायमचं ठरून गेलं: हा वेळेला पळतो.

आता यातली गोम अशी की मी मानसशास्त्र शिकवते. स्मृती हा माझा आवडता धडा. दरवर्षी या धड्याला मी एक प्रयोग रंगवून सांगते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणाकडून कळली, तेव्हा तुम्ही काय करत होता, बरोबर कोण होतं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. सातपैकी गुण दिले तर सरासरी तीनलाही पोचली नाही. ११ जणांना चक्क शून्य. पैकीच्या पैकी फक्त तिघांना. पण खात्री किती, तर पाचपैकी सरासरी चारच्या वर! मग त्या मुलांना त्यांनी स्वतः लिहिलेले जुने कागद दाखवले. कागद बघून कोणाचीही मूळ आठवण जागी झाली नाही. अक्षर आपलं आहे हे दिसत होतं, पण डोक्यातलं चित्र हटायला तयार नव्हतं.

इथे वर्ग हमखास हसतो. मीही हसते. "आठवण म्हणजे फोटो नव्हे, दर वेळी नव्याने रचलेली गोष्ट असते," हे वाक्य मी किती वर्षं फळ्यासमोर उभं राहून म्हटलं असेल. आणि घरी येऊन आईच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली असेल. दोन्हींची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नाही. धडा लोकांच्या स्मृतीबद्दल होता. माझी स्मृती चांगली आहे हे तर सगळ्या घराला माहीत होतं.

पत्र सापडलं ते मावशी गेल्यानंतर. मावशीने आयुष्यभरात आलेलं एकही पत्र टाकलं नव्हतं. तिच्या मुलीने ज्याची त्याची पत्रं ज्याला त्याला परत केली, माझ्या वाट्याला एक जाडसर पाकीट आलं. रविवारी दुपारी एकेक उघडत बसले होते. सहावं की सातवं असेल, वर तारीख: ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. निळ्या शाईतलं, उजवीकडे कलणारं, तेव्हाचं माझं अक्षर. लिहिलं होतं: "दादा रात्रभर तिथंच होता. मला बारानंतर त्याने घरी पाठवलं, म्हणाला, तू झोप जा, उद्या दिवसभर तुला बसायचंय. पहाटे डॉक्टरांनी त्याला सांगितलं. सहाला घरी आला आणि मला उठवलं. मी इतकी मेल्यासारखी झोपले होते की त्याला तोंडावर पाणी मारावं लागलं. मावशी, मला फार लाज वाटली गं."

मला आधी राग आला, आणि तो पत्राचा आला. कोणीतरी माझ्याबद्दल खोटं बोलतंय, असं वाटलं. ते कोणीतरी मीच होते, हे कळत असूनही.

पुढचे काही आठवडे मी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याचं उदाहरण वर्गात दिलं असतं. पहिली पळवाट: मी मावशीपासून लपवलं असणार. २० वर्षांची मुलगी रात्रभर एकटी दवाखान्यात बसली हे कळलं तर मावशी काळजी करेल, म्हणून दादाला तिथे बसवून टाकलं असेल. पण मग तोंडावर पाणी मारल्याचं कशाला लिहिलं असतं? काळजी टाळायला कोणी इतका तपशील रचत नाही. दुसरी पळवाट: ती दुसरीच कुठली तरी रात्र असेल. पण आई दवाखान्यात असताना थिएटरबाहेर बसायची रात्र एकच होती. तिसरीसाठी मी आईची जुनी फाईल शोधून काढली. संमतीपत्रावर दादाची सही होती, पण ती ऑपरेशनच्या आधीची. त्यावरून नंतर कोण थांबलं, कोण गेलं, काहीच सिद्ध होत नव्हतं. फाईल मी तरीही तीनदा चाळली.

चौथी पळवाट सगळ्यात विद्वान होती. ती मी खुद्द नायसर यांच्याकडूनच उसनी घेतली. नायसर यांना लहानपणीची एक आठवण होती: ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो दिवस, रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू आहे आणि तो थांबवून बातमी देतात. कित्येक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच हे लिहून टाकलं, स्मृती कशी फसवते याचा नमुना म्हणून. पण पुढे १९८६ मध्ये दोघा अभ्यासकांनी दाखवलं की त्या दिवशी सामना होता, फक्त तो अमेरिकन फुटबॉलचा होता, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. ही दोन्ही नावं तेव्हा बेसबॉलच्या संघांचीही होती, तिथे घोटाळा झाला असावा. म्हणजे आठवण सगळीच खोटी नव्हती, गाभा बरोबर होता.

बघा, मी मला म्हटलं. माझाही गाभा बरोबर असेल. तपशील इकडेतिकडे झाला असेल, पण एक जण थांबला आणि एक जण गेला, हे तर खरंच ना? हो, तेवढं खरं होतं. कोण गेलं एवढाच प्रश्न होता.

याच सुमाराला पत्र हरवलं. सापडल्यापासून दोन-अडीच आठवडे झाले असतील, एका संध्याकाळी पुन्हा वाचावंसं वाटलं आणि कुठे ठेवलंय ते आठवेना. बाकीची सगळी पत्रं पाकिटात, तारखेप्रमाणे लावलेली; नेमकं हेच नाही. डार्विनने आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितलाय: आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो लगेच टिपून ठेवायचा, कारण असल्या गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्याने अनुभवाने ताडलं होतं. हेही मी शिकवते, बरं का. आणि मी टिपून ठेवणं सोडाच, आयता टिपलेला कागद हरवून बसले होते. चार दिवसांनी एका शब्दकोशात सापडला. मी तो तिथे का ठेवला, मला सांगता येणार नाही.

मला मतं बदलताच येत नाहीत असं नाही. एक तर मी एका दुपारीत बदललंय. २०१० मध्ये नायहान आणि रायफ्लर यांचा एक अभ्यास आला होता: माणसाच्या समजुतीविरुद्ध पुरावा दिला तर कधी कधी ती समजूत उलट घट्टच होते. मला तो फार आवडायचा, वर्गात सांगायला झकास. मग वुड आणि पोर्टर यांनी १०,००० हून जास्त लोकांवर, ५२ वेगवेगळ्या मुद्द्यांवर हे तपासून पाहिलं आणि असा उलटा परिणाम त्यांना जवळजवळ कुठेच दिसला नाही. दिलेली दुरुस्ती लोकांनी बहुतेक वेळा मान्य केली होती. मी शोधनिबंध वाचला, टिपणातला जुना परिच्छेद खोडला, नवा लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की मागच्या वर्षीच्या मुलांना मी चुकीचं शिकवलं. घसा कोरडा पडला नाही की झोप उडाली नाही.

ते मत सुटलं कारण त्या मताच्या घरात कोणी राहत नव्हतं. दादाबद्दलच्या मताचं तसं नव्हतं. त्यात मी राहत होते. ते रिकामं करायचं म्हणजे आधी आत काय काय मांडलंय ते बघणं आलं, आणि ते बघायला मला पत्र सापडल्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष लागलं.

पहिलं म्हणजे माझी स्वतःबद्दलची कल्पना. 'मी थांबणारी आहे.' मैत्रीत, नोकरीत, लग्नात, कुठेही कसोटीची वेळ आली की मला ते बाक आठवायचं आणि बळ यायचं. तेव्हा २० वर्षांची असताना थांबलीस, आता काय झालंय? हे बळ खोटं नव्हतं. मी खरोखरच नंतर पुष्कळदा थांबले. पण ज्या ठेवीवर ते व्याज खात होते ती ठेवच दुसऱ्याची निघाली.

दुसरं जास्त वाईट होतं. आईच्या शेवटच्या आजारपणात मी दादाला रात्री कधी थांबूच दिलं नाही. तो यायचा, खुर्ची ओढून आईच्या उशाशी बसायचा, औषधांची चिठ्ठी वाचायचा. नऊ वाजले की मी म्हणायची, "तू जा आता. मी आहे." तो एकदा म्हणायचा, "थांबतो की गं." मी म्हणायची, "नको, तुला सकाळी उठायचं असतं." हे वाक्य मी मुद्दाम म्हणायची. त्या रात्रीचं त्याचं वाक्य त्याला परत देत होते असं मला वाटायचं, आणि ते त्याला बोचत असणार याचा एक बारीक आनंदही व्हायचा. तो दोन मिनिटं घुटमळायचा आणि जायचा. तो गेला की मी मनात नोंद करायची: बघा, गेला.

असे कितीतरी पुरावे मी ११ वर्षांत गोळा केले. घराची कागदपत्रं करताना त्याला विचारलं नाही, कारण त्याला काय विचारायचं. मग त्याने त्यात लक्ष घातलं नाही. लक्ष घातलं नाही म्हणून पुढच्या वेळी विचारलं नाही. पत्र वाचल्यावर हे सगळे पुरावे एकेक करून परत काढून पाहिले, तर जवळजवळ प्रत्येकाच्या मागे मीच दार लोटून उभी होते.

पत्र खरं आहे हे शेवटी पटलं ते मात्र यातल्या कशानेच नाही. पटलं ते त्या सुट्या पैशांनी. एकदा कुठेतरी निघालेल्या मुलीच्या हातावर मी सवयीने सुटे पैसे ठेवले, वाटेत लागतील म्हणून, आणि दारातच थबकले. सुटे पैसे जाणाऱ्याच्या हातावर ठेवतात. थांबणाऱ्याच्या नाही. इतकी वर्षं माझ्या गोष्टीत ते पैसे माझ्या तळहातावर होते, आणि ते तिथे कशाला हे समजावायला मी फोनचं कारण जोडत होते. चपलांचा आवाजही तसाच. दोन मजले खाली जाईपर्यंत चपलांचा आवाज बाकावर बसून कशाला ऐकू येईल? ज्याच्या पायात चपला त्याला तो खालपर्यंत ऐकू येतो. आठवणीचे तुकडे सगळे खरे होते. मी ते फक्त चुकीच्या माणसाला चढवले होते.

असं का झालं असेल, याचा माझा अंदाज त्या पत्रातल्याच शेवटच्या वाक्यावर आहे: "मला फार लाज वाटली गं." आई मरणाच्या दारात आणि मी मेल्यासारखी झोपलेली. ती लाज कुठेतरी ठेवायला हवी होती, दादा सगळ्यात जवळ होता. पण हा नुसता अंदाज. यापलीकडे जायला माझ्याकडे काही नाही, आणि एका सोयीच्या गोष्टीच्या जागी दुसरी सोयीची गोष्ट बसवायची मला आता धास्ती वाटते.

मत बदललं म्हणून चित्र बदललं नाही, हे मला शिकवताना कधी कळलं नव्हतं. आजही डोळे मिटले की दादाच उठतो, दादाच जिन्याकडे जातो, आणि डॉक्टर मलाच सांगतात. खरं असेल नसेल, पण माझ्या चित्रातल्या डॉक्टरांना नाकाच्या शेंड्यावर मास्कचा वळ आहे. मी त्यांना त्या पहाटे पाहिलेलंच नाही. तरी वळ आहे. सुरुवातीला मी चित्र जबरदस्तीने उलटं करून पाहायची, स्वतःला जिन्यात उभी करायची. तो सगळा नाटकी प्रकार व्हायचा, टिकायचा नाही. आता येऊ देते. आलं की मनात म्हणते, हे असं झालेलं नाही, आणि कामाला लागते.

दादाला सांगायला मी आणखी दोन महिने लावले. गेले तेव्हा तो भिंतीवरचं घड्याळ उतरवून, पाठ उघडून, टेबलावर घेऊन बसला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. काय समजत होते, किती वर्षं, कोणाकोणाला सांगितलं, आईच्या आजारपणात ते वाक्य का म्हणायचे, सगळं. तो पेचकस हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण तू घरी कुठे गेली होतीस?"

"म्हणजे?"

"अगं, आपण दोघंही तिथंच होतो रात्रभर. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होतीस. माझा हात बधिर झाला होता, म्हणून नीट लक्षात आहे."

मी पर्समधून पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. दोनदा वाचलं. पाण्याच्या ओळीपाशी थोडा हसला.

"अक्षर तुझंच आहे," तो म्हणाला. "पण तू गेली नव्हतीस गं."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, चॅलेंजर, १०६ विद्यार्थी, सातपैकी गुण. गिळलं. माझ्या २४ वर्षांच्या गोष्टीत मी त्याला पळपुटा केलं होतं, आणि त्याच्या गोष्टीत मी तितकीच वर्षं त्याच्या खांद्यावर झोपले होते. त्याची गोष्ट दुरुस्त करायला निघायचं माझं तोंड नव्हतं.

थोड्या वेळाने, घड्याळाकडेच बघत, तो म्हणाला, "आईच्या शेवटी मात्र मला वाटायचं, तुला मी तिथं नकोच असतो."

"नकोच असायचास," मी म्हटलं. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

त्याने मान हलवली. घड्याळाची पाठ लावली, चारही स्क्रू बसवले, कानाशी धरून बघितलं. चालत होतं. मग पत्राची होती तशी घडी घालून माझ्याकडे दिलं.

"ठेव नीट. हरवशील."

"एकदा हरवलंय," मी म्हटलं.